आई-वडील ऊसतोडीला, मुलगी शाळेत काही बोलली : कोणाला कळवायचं आणि पुढे कोणी काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता. सातवीतल्या एका मुलीचे आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर गेले आहेत आणि ती चुलत्याकडे राहते. त्या घरातल्या एका मोठ्या माणसाबद्दल ती मधल्या सुट्टीत तुमच्याशी काही बोलली आणि मग गप्प झाली. मुख्याध्यापक म्हणतात, पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, आई-वडील परत येईपर्यंत थांबू. सहकाऱ्यांपैकी कोणी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन सुचवतं, कोणी मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची बाल कल्याण समिती, कोणी पोलीस. आणि तुम्हाला धास्ती ही, की सगळेच एकदम आले तर पोरीचे हाल होतील.

"कोणाला कळवू" याचं उत्तर दोन ओळींत देता येतं. अवघड भाग पुढचा आहे. पोलीस, बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सरकारी दवाखाना, विधी सेवा प्राधिकरण आणि न्यायालय या सगळ्यांचा या मुलीशी संबंध येणार. प्रत्येकाला आपापला कागद पूर्ण करायचा असतो. या यंत्रणा नीट जुळल्या का, हे मी दोनच गोष्टींवरून ठरवतो: मुलीला तीच गोष्ट किती जणांना सांगावी लागली, आणि पहिल्या रात्री ती कुठे झोपली. बैठका किती झाल्या, याला या कामात फारसा अर्थ नसतो.

परिस्थितीवर बरंच काही अवलंबून आहे, ते आधी सांगतो. शेवटची घटना कधीची, यावर दवाखान्याची घाई ठरते. तो माणूस त्याच घरात राहतो की येऊन-जाऊन असतो, यावर तिचा मुक्काम ठरतो. आई कळल्यावर कोणाच्या बाजूने उभी राहील, आणि आजी, मावशी किंवा मामी यांच्यापैकी कोणी भरवशाचं जवळ आहे का, यावर पुढचे सहा महिने ठरतात. या सगळ्याची उत्तरं आज तुमच्याकडे नसतील, आणि ती शोधून काढणं तुमचं काम नाही.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असा गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती वाटली, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलीस ठाण्याला कळवणं बंधनकारक आहे. पुरावा हातात असण्याची अट नाही. मुख्याध्यापकांच्या परवानगीची नाही, आणि आई-वडिलांच्या येण्याचीही नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आरोप संस्थेतल्याच कर्मचाऱ्यावर असेल आणि संस्थाप्रमुखाने दडवलं असेल, तर ही कैद एक वर्षापर्यंत जाते. उलट सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे त्याच कलम १९ मध्ये लिहिलेलं आहे. मुख्याध्यापकांना पटत नसेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या शालेय वसतिगृहाचं प्रकरण सांगा. तिथे माहिती असून न कळवल्याबद्दल एका डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरवला आणि तत्काळ कळवणं हा या कायद्याचा पाया असल्याचं स्पष्ट केलं.

मुख्याध्यापकांना सांगायचं ते माहिती म्हणून. "कळवू का?" असं विचारलं की अंतर्गत चौकशी सुरू होते. सखी-सावित्री समितीची, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या शाळेतल्या समितीची बैठक लागते, चुलत्याला निरोप जातो, आणि संध्याकाळपर्यंत त्या माणसाच्या कानावर सगळं गेलेलं असतं. सखी-सावित्री समिती आणि ग्राम बाल संरक्षण समिती या दोन्हींचा उपयोग आहे, पण तो प्रतिबंधासाठी. दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याआधी गावात मागे राहणारी मुलं कोणती, ती कोणाकडे राहणार, रात्री घरात कोण असतं, याची यादी या समित्यांनी करावी. घडलेल्या घटनेची चौकशी त्यांनी करू नये, आणि या मुलीचं नाव तर त्यांच्या इतिवृत्तात मुळीच येऊ नये.

आता मुलीशी बोलण्याबद्दल. ती स्वतःहून आणखी बोलली तर ऐका. विचारायचंच झालं तर "मग काय झालं?" आणि "अजून काही सांगायचंय का?" एवढंच. "त्याने असं केलं का, तसं केलं का?" असं विचारलंत, की उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील म्हणतो की हे शब्द बाईंचे आहेत, मुलीचे नाहीत. "इतके दिवस का नाही सांगितलंस?" हा प्रश्न तर मुळीच नको, तो ऐकला की मूल मिटतं. कोणालाच सांगणार नाही असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावं लागेल, फक्त त्यांनाच सांगीन" हे म्हणा, ते खरं आहे. तिच्याकडून लेखी जबाब घेऊ नका. ती गेल्यावर तुम्ही लिहून ठेवा: तारीख, वेळ, जागा, जवळ कोण होतं आणि तिचे शब्द जसेच्या तसे. तिने अवयवासाठी घरगुती शब्द वापरला असेल तर तोच लिहा, त्याचं शुद्ध मराठी करू नका. शेवटी सही आणि वेळ. शाळेच्या जावक नोंदवहीत "गोपनीय पत्र" इतकंच लिहायचं, नाव नाही.

मोबाइलचा संबंध असेल, म्हणजे कोणी फोटो काढले असतील किंवा पाठवले असतील, तर स्क्रीनशॉट घेऊन मुख्याध्यापकांना व्हॉट्सअ‍ॅप करू नका. हेतू चांगला असला तरी असं चित्र पुढे पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. काही पुसूही नका. फोन कोणाचा, कोणी पाहिलं, एवढं पोलिसांना सांगा, पुढचं ते बघतील.

कळवायचं कसं? १०९८ ही मुलांसाठीची चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन. आधी ती स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यामार्फत चालायची. २०२३ पासून ती राज्याच्या महिला व बाल विकास विभागाकडे आली आणि ११२ शी जोडली गेली. आधी १०९८ ला फोन करावा असं मी सुचवतो, कारण जिल्ह्याच्या हेल्पलाइन पथकातला माणूस सोबत आला तर पोलीस ठाण्यात मुलीच्या बाजूचं कोणीतरी असतं. पण फोनवर थांबू नका. कायद्यातली माहिती पोलिसांकडे पोचायला हवी, म्हणून त्याच दिवशी ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. ठाणे अंमलदाराला "बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?" असं नेमकं विचारा. हद्दीचा वाद निघाला तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवता येतो. माहिती नोंदवून घ्यायलाच नकार मिळाला तर तोही कलम २१ खाली गुन्हा आहे. तीच माहिती पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवायची.

घटना गेल्या चार दिवसांतली असेल, तर दवाखाना आधी. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत मिळू शकतात, पण प्रत्येक तासाने शक्यता कमी होते. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. जमल्यास अंघोळ टाळावी. घटनेवेळचे कपडे धुवू नयेत, आणि ते कागदी पाकिटात ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी येते आणि नमुना वाया जातो. "आधी एफआयआरची प्रत आणा" असं दवाखान्याने म्हटलं तर ते नियमाविरुद्ध आहे. तातडीच्या उपचारासाठी पोलिसांचं पत्र किंवा कोणताही कागद अट म्हणून मागता येत नाही. उपचार मोफत, आणि खाजगी दवाखान्यालाही हे लागू आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि आई-वडील नसतील तर तिच्या विश्वासाच्या व्यक्तीसमोर. तसं कोणी नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने नेमलेल्या बाईसमोर. तपासणीला मुलीने नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत. घटना जुनी असेल तर दवाखाना टाळायचा असं नाही, फक्त मध्यरात्री धावपळ करून पोरीला दमवण्याचं कारण उरत नाही.

इथून पुढे यंत्रणांनी एकमेकींकडे काय द्यायचं हा भाग येतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. पोक्सो नियम २०२० मध्ये त्यासाठी फॉर्म बी आहे. मुलीचं वय, तिची सुरक्षितता, घरची स्थिती, उपचार झाले का, हे सगळं त्यात येतं. मुलीच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म ए तिला किंवा तिच्या माणसांना द्यायचा असतो. बऱ्याच ठिकाणी असा समज आहे की पोक्सोच्या प्रत्येक मुलाला समितीसमोर उभं करावं लागतं. तसं नाही. कागद प्रत्येक प्रकरणाचा जातो. मूल स्वतः हजर करायचं ते तीन परिस्थितींत: संशयित त्याच घरात राहतो, मूल संस्थेत राहतं आणि पालकांचा आधार नाही, किंवा मुलाला घर आणि पालकांचा आधारच नाही. तुम्ही सांगता त्या मुलीच्या बाबतीत पहिली परिस्थिती असावी असं दिसतं, आणि आई-वडील शेकडो किलोमीटर दूर असल्याने तिसरीचाही विचार करावा लागेल. त्यामुळे तिला हजर करावं लागेल, तेही चोवीस तासांत.

समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य, जिल्ह्याच्या ठिकाणी. महिन्यात किमान वीस दिवस बसायचं असं कायदा म्हणतो, पण रविवारी किंवा रात्री समिती भरलेली नसते. म्हणून पोलीस म्हणतात, "आज समिती नाही, उद्या बघू," आणि मुलगी त्याच घरी परत जाते. या एका वाक्याने जेवढं नुकसान होतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. समिती बसलेली नसली तरी एका सदस्यासमोर मूल हजर करता येतं आणि तात्पुरता मुक्काम ठरवता येतो. तीन सदस्य लागतात ते प्रकरणाच्या अंतिम निर्णयाला. तुमच्या जिल्ह्यातल्या सदस्यांचे आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांचे नंबर शाळेत आजच लिहून ठेवा.

मुलीला त्या घरातून हलवायचं का, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं असतं, आणि ते ठरवताना तिचं मत विचारात घ्यायचं असतं. इथे कायद्याची एक अडचण समजून घ्या. समितीच्या हातात मुलीचा ताबा आहे, संशयिताचा नाही. त्याला अटक करणं पोलिसांचं काम, आणि जामीन देताना त्या गावात पाऊल न ठेवण्याची अट घालणं न्यायालयाचं. पोलीस आणि समिती एकमेकांशी बोलले नाहीत तर समिती आपल्या हातात आहे तेच करते, म्हणजे मुलीला बालगृहात पाठवते. आरोपी घरात आणि मुलगी बाहेर. मग मुलीला वाटतं की शिक्षा आपल्यालाच झाली. म्हणून पहिल्याच दिवशी तपासी अंमलदार आणि समितीचा सदस्य यांच्यात फोनवर बोलणं व्हावं लागतं: अटक कधी, तोपर्यंत मुलगी कोणाकडे. आजोळ भरवशाचं असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा सामाजिक कार्यकर्ता घर बघून समितीला अहवाल देतो आणि तिला आजोळी ठेवता येतं. हंगामी वसतिगृह, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी हंगामापुरती केलेली राहण्याची सोय, हा पर्याय लोकांना लगेच सुचतो. पण ते बालगृह नाही. रात्री तिथे जबाबदार बाई असते का, हे बघितल्याशिवाय आणि समितीच्या आदेशाशिवाय तिला तिथे ठेवू नये.

आता पहिली कसोटी, तीच गोष्ट किती वेळा सांगायची. घटनेचा तपशील खरोखर कोणाला लागतो? पोलिसांना जबाबासाठी, दंडाधिकाऱ्यांना त्यांच्यासमोरच्या जबाबासाठी (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ चा, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ चा), डॉक्टरांना उपचारापुरता, आणि शेवटी न्यायालयाला. बस. समितीला तो लागत नाही. समितीने विचारायचं ते राहणं, शाळा, भीती आणि कोणाकडे जायला आवडेल हे. बाल संरक्षण अधिकाऱ्याला लागत नाही, समुपदेशकाला सुरुवातीला लागत नाही, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना तर अजिबातच नाही. डॉक्टरांनी सोबतच्या अधिकाऱ्याकडून माहिती घ्यावी आणि मुलीला फक्त राहिलेलं विचारावं. कोणी "बाळा, काय झालं ते सांग बरं" म्हणून सुरू झालं, तर सोबतच्या माणसाने थांबवावं: "जबाब झालेला आहे, आपल्याला नेमकं काय हवं आहे?" हे सौजन्याने म्हटलं तर कोणी रागावत नाही. पोलिसांचा जबाब तिच्या घरी किंवा तिला जिथे बरं वाटेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. तुमच्या शाळेतली सुट्टीनंतरची रिकामी खोली ठाण्यापेक्षा कितीतरी बरी. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही.

हा धागा शेवटपर्यंत धरून ठेवायला कायद्याने सहायक व्यक्तीची सोय केली आहे. मुलीच्या आणि पालकांच्या, किंवा तिच्या विश्वासाच्या व्यक्तीच्या संमतीने समिती ती नेमते. ही व्यक्ती बाल हक्कांवर काम करणारी असू शकते किंवा बाल संरक्षण कक्षातली. तपासापासून निकालापर्यंत सोबत राहायचं, तारखा कळवायच्या आणि जे काही कानावर येईल ते गुप्त ठेवायचं, हे तिचं काम. नेमणूक महिनाभराने झाली तर निम्मा फायदा गेलेला असतो, कारण दवाखाना आणि दंडाधिकारी तोवर उरकलेले असतात. म्हणून फॉर्म बी सोबतच ही मागणी जावी. नाही जमलं मुलीचं त्या व्यक्तीशी, तर कारण न देता बदलून मागता येतं.

इथपर्यंतचा क्रम असा: तुमची नोंद, १०९८, ठाण्यात लेखी माहिती, घटना ताजी असेल तर त्याआधी दवाखाना, चोवीस तासांत समिती, पहिल्याच आठवड्यात सहायक व्यक्ती.

आई-वडिलांना कोणी कळवायचं? तुम्ही नाही, आणि मुकादमामार्फत तर नाहीच. निरोप टोळीभर होतो. पोलिसांनी किंवा बाल संरक्षण कक्षाने थेट आईशी बोलावं. कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या बाल संरक्षण कक्षाला पत्र जावं आणि त्यांचा माणूस फडावर जाऊन भेटावा. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असल्यामुळे मुकादम सोडत नाही आणि यायला भाडंही नसतं, ही नेहमीची अडचण. याच कामासाठी पोक्सो नियमांत तातडीची मदत आहे. अन्न, कपडे, प्रवास अशा गरजांसाठी समिती रकमेची शिफारस करू शकते, आणि शिफारस मिळाल्यापासून एका आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणाने किंवा बाल संरक्षण कक्षाने ती द्यायची असते. समित्यांना हा नियम माहीत असतो, पण मागितल्याशिवाय तो सहसा वापरला जात नाही. म्हणून लेखी मागा. नुकसानभरपाई आणि मनोधैर्य योजना (अत्याचारपीडितांसाठीची राज्य सरकारची मदत योजना) ही पुढची, वेगळी बाब. त्याचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे होतो. अंतरिम भरपाईसाठी निकालाची वाट पाहायची नसते.

न्यायालयाचं थोडक्यात. बहुतेक अशा गुन्ह्यांचा तपास दोन महिन्यांत पूर्ण व्हायचा असतो. मुलीची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपायचा असतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे लांबतं. आरोपीने जामीन मागितला तर मुलीच्या बाजूला नोटीस मिळाली पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये बजावलं आहे. ती नोटीस घरी पोचवण्याची आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उभा राहील हे बघण्याची जबाबदारी सहायक व्यक्तीच पार पाडते.

शाळेच्या दोन कामांची मात्र कोणी आठवण करून देत नाही. मुलगी आजोळी किंवा बालगृहात गेली तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात "स्थलांतर" एवढंच लिहा, आणि नव्या शाळेला फोनवरूनही प्रकरण सांगू नका. मुलीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि तो गावगप्पांमधूनही होऊ शकतो. दुसरं काम जनरल रजिस्टरचं, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीचं. मुलगी अठरा वर्षांखाली होती हे सिद्ध करायला शाळेचा जन्मतारखेचा पुरावा आधी बघितला जातो, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला त्यानंतर. मुख्याध्यापकांना मूळ रजिस्टर घेऊन साक्षीला बोलावतात. प्रवेशाच्या वेळी तारीख कशावरून लिहिली, नोंदीवर खाडाखोड आहे का, सही कोणाची, हे तिथे विचारलं जातं. ती नोंद आज उघडून बघा. आता काहीही दुरुस्त करू नका. जोडलेले कागद, म्हणजे अंगणवाडीचा दाखला किंवा पालकांचं प्रतिज्ञापत्र, फाइलमध्ये आहेत की नाहीत एवढं तपासा, आणि नसतील तर तसं तपासी अंमलदाराला आधीच सांगा, म्हणजे दोषारोपपत्र जाण्याआधी ग्रामपंचायतीचा दाखला काढायला त्यांना वेळ मिळेल.